ब गट पाय टेकत नाही

साठी ओलांडलेल्या माणसाला एका पायावर उभं करायचं असेल, तर नीतिसमितीची परवानगी लागते. दोन पायांवर तो जन्मभर उभा राहिला, बिलांच्या रांगेत राहिला, दवाखान्याच्या दारात राहिला, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी राहिला, तरी कुठली समिती त्याची विचारपूस करायला येत नाही. पण संशोधनासाठी त्याने एक पाय वीतभर उचलायचा म्हटलं की समिती बसते, आणि बसलेली माणसं उभ्या राहणाऱ्यांबद्दल फार बारकाईने विचार करतात.

खेळाच्या बाईंना हे कळलं तेव्हा मागे फिरायची वेळ निघून गेली होती. व्यायामशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे लेखी पेपर त्यांनी पार केले होते. स्नायू, सांधे, हृदयाचे ठोके, सगळं पाठ झालं होतं. उरला होता तो प्रबंध. शाळेत खेळाचा तास ही काय चीज असते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गणिताचा भाग राहिला की तो तास घ्यायचा, पाहुणे येणार असले की खुर्च्या मांडायला घ्यायचा, आणि त्यातून उरला तर मुलांनी खेळायचं. बाईंनी वर्षानुवर्षं आपला तास हसतमुखाने दुसऱ्यांच्या ताब्यात दिला होता. पण एकदा भर शिक्षकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, "खेळाला कुठे अभ्यास लागतो?" बाकीचे हसले. बाईही हसल्या, आणि त्याच आठवड्यात विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज भरून आल्या. आता या सत्रात प्रबंध मंजूर झाला नाही तर नोंदणीची मुदत संपत होती. मुदत संपण्याचं बाईंना एवढं काही वाटत नव्हतं. मुख्याध्यापकांचं वाक्य खरं ठरेल, याची धास्ती होती.

विषय साधा होता. साठीपुढच्या माणसांनी तीन महिने रोज थोडा व्यायाम केला तर त्यांचा तोल सुधारतो का? माणसं बाईंच्याच इमारतीतली. त्यांचे दोन गट पाडायचे. अ गटाने व्यायाम करायचा, ब गटाने नेहमीसारखं राहायचं. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाला एका पायावर उभं करून, दुसरा पाय जमिनीला टेकेपर्यंत किती वेळ जातो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. अ गट ब गटापेक्षा जास्त वेळ उभा राहिला की प्रबंध झाला. कागदावर तर यात अडखळण्यासारखं काहीच नव्हतं.

समितीने पहिल्या बैठकीत विचारलं, मोजताना माणूस पडला तर? बाईंनी शेजारी गादी ठेवण्याचं कबूल केलं. दुसऱ्या बैठकीत समितीने विचारलं, गादीला अडखळून पडला तर? बाईंनी गादी काढून खुर्ची ठेवली. तिसऱ्या बैठकीत खुर्चीला हात असावेत की नसावेत यावर दोन सदस्यांचं वाजलं, आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. बाईंचा नवरा एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस. तोसुद्धा म्हणाला की आपल्या लग्नाला दोन्ही घरांनी मिळून इतके प्रश्न विचारले नव्हते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा अध्यात ना मध्यात झाला.

परवानगी आली तोवर इमारतीत बातमी पसरली होती, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, तोल हा सगळा जबड्यात असतो. वरच्या शिंपीणबाईंनी कोणत्या पायावर उभं करणार ते विचारलं, आणि डावा म्हटल्यावर चुकचुकल्या; उजवा म्हटलं असतं तरी चुकचुकल्या असत्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी तळमजल्यावरचा हॉल वापरायला दिला, पण हॉलमधलं मोडकं सामान हलवायचं नाही अशी अट घातली, कारण ते कुणाचं आहे हे ठरलेलं नव्हतं. परिणामी मानवी तोलावरचं ते संशोधन एक तीनपायी टेबल, एक बंद पडलेलं धुलाईयंत्र आणि कुणाच्या तरी पाळण्याच्या दांड्या यांच्या मधोमध पार पडलं. बाईंनी प्रबंधात तसं लिहिलंही आहे. 'जागेच्या मर्यादा' या शीर्षकाखाली.

खरी ठिणगी पडली ती चिठ्ठ्यांवर. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचं असतं. आपली माणसं आपल्या सोयीने निवडली तर संशोधनाला अर्थ राहत नाही. बाईंनी एका बरणीत चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्यांना एकेक उचलायला सांगितली.

इथे बाईंच्या सासूबाई आणि कोपऱ्यातल्या घरातल्या काकू यांच्याबद्दल सांगायला हवं. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी इमारतीत राहायला आलेल्या, आणि तेव्हापासून दोघींची अटीतटीची मैत्री होती. एकीच्या मुलाने दुचाकी घेतली की दुसरीच्या मुलाला आपली सायकल टोचू लागायची. मुलं मोठी झाली, स्पर्धा ओसरेल असं वाटलं, तर ती गुडघ्यांवर आली. काकूंच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तेव्हा सासूबाई आठवडाभर खिन्न होत्या, कारण त्यांच्या डॉक्टरांनी नुसतं मलम दिलं होतं.

काकूंना अ निघाला. सासूबाईंना ब.

सासूबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि दुसरी काढते म्हणाल्या. बाईंनी नम्रपणे सांगितलं की दुसरी काढता येत नाही. आपल्याच घरातल्या बरणीतून? बरणी आपली, पण नियम शास्त्राचा. संसाराच्या इतक्या वर्षांत बाईंनी सासूबाईंना नाही म्हणण्याची ही पहिलीच खेप होती, आणि तेही सगळ्या इमारतीसमोर, शास्त्राचा आधार घेऊन. त्या क्षणी बाईंना पदव्युत्तर शिक्षणाचं महत्त्व फार खोलवर पटलं. हा आनंद त्यांना पुढे महाग पडला.

ब गट म्हणजे कमी प्रतीचा गट नव्हे, उलट तुलनेला ब गट नसेल तर अ गटाला काडीची किंमत नाही, हे बाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं. ब गटाने ऐकून घेतलं. मग एका आजोबांनी विचारलं, म्हणजे आम्ही किती वाईट आहोत त्यावरून ते किती चांगले ते ठरणार? बाई म्हणाल्या, तसं नाही. आजोबा म्हणाले, मग कसं? बाईंनी पुन्हा समजावलं, आणि दुसऱ्यांदाही ते तसंच निघालं.

रोज सकाळी अ गट हॉलमध्ये जमू लागला. टाचा उचलणं, भिंतीला धरून पाय मागे नेणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. ब गट खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पेपर घेऊन बसायचा. महिन्याभरात पेपरची पानं उलटेनाशी झाली. आत काकू कठडा न धरता पायरी चढू लागल्या होत्या, आणि हॉलमध्ये जेवढ्या चढायच्या त्याहून अधिक त्या सासूबाईंच्या दारासमोरच्या जिन्यावर चढायच्या. हे अभ्यासक्रमात नव्हतं.

ब गटातला एकच माणूस बाईंच्या सूचनेला अक्षरशः जागला. ते म्हणजे निवृत्त ऑडिटरकाका. नेहमीसारखं राहा, काही बदल करू नका, असं सांगितलं होतं ना? काकांनी ते व्रतासारखं धरलं. मध्यंतरी इमारतीची लिफ्ट बंद पडली, तर काका बाजारातून आल्यावर पिशवी मांडीवर घेऊन खालीच बसून राहिले. लिफ्टने जाणं हे आपलं नेहमीचं. जिना चढलो तर बाईंचा अभ्यास बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या बायकोने जेवणाचा डबा खाली पाठवला आणि बाईंना वर बोलावून घेतलं. तिने वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी जे उद्गार काढले ते प्रबंधात घेता आले नाहीत. शेवटी बाईंनी काकांना जिना चढायची परवानगी दिली. काकांनी ती लेखी मागितली.

या धामधुमीत बाईंच्या नजरेतून काही गोष्टी सुटल्या. मैदानाच्या पलीकडच्या भिंतीआड कोण दांडी मारून बसलंय हे शिट्टी न वाजवता ओळखणारी ही बाई, पण दुपारी घरातलं स्टूल कुठे जातं हे त्यांना कळलं नाही. सासूबाई संध्याकाळी चहाबरोबर दोन घास जास्त खायला लागल्या, त्याचंही त्यांना नुसतं बरं वाटलं. शेवटच्या मजल्यावरच्या वकिलाने तक्रार केली की दुपारी गच्चीवर धपधप आवाज येतो. अध्यक्षांनी ताबडतोब सूचना लावली: लहान मुलांनी दुपारी गच्चीवर खेळू नये. त्या वेळी लहान मुलं शाळेत असतात हा विचार कुणाच्या मनात आला नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्याही नाही.

तीन महिने संपले. शेवटच्या मोजणीला बाईंचे मार्गदर्शक सर स्वतः आले. सर बाईंपेक्षा वयाने लहान, हुशार आणि अतिशय सावध गृहस्थ. 'नमस्कार'सुद्धा दोन्ही बाजूंचा विचार करून म्हणायचे. अ गटाची मोजणी छान झाली. काकू तर मागच्या वेळेच्या दुप्पट उभ्या राहिल्या आणि टाळ्या घेऊनच बसल्या. सरांनी बाईंकडे बघून मान हलवली. पदवी समोर दिसत होती.

मग ब गट आला. आजोबांनी चप्पल काढली, पाय उचलला, आणि उभे राहिले. उभेच राहिले. सरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग घड्याळ कानाला लावलं. शिंपीणबाई उभ्या राहिल्या त्या हात बांधून. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पाय उचलल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि खुर्चीत बसलेल्या काकूंना विचारलं, तुमच्या गुडघ्याचं कसं काय चाललंय आता. काकूंची वेळ मागे पडली, आणखी मागे पडली, तरी सासूबाई उभ्याच होत्या, आणि पाय टेकला तो दमून नव्हे, समोर कुणी बोलत नाही म्हणून कंटाळून.

फक्त ऑडिटरकाका ठरल्यासारखे वागले. त्यांनी पाय उचलला आणि लगेच टेकला. पहिल्या वेळेपेक्षाही लवकर. बसता बसता ते बाईंना म्हणाले, "तुमच्या शास्त्रापायी मी माझा तोल घालवून बसलोय. आता याचं काय करायचं तेवढं सांगा."

चौकशीला वेळ लागला नाही. ब गटाने खिडकीतून व्यायाम पाहिला, दुपारी गच्चीवर नेला, आणि अ गट जे एकदा करायचा ते दोनदा केलं. पुढारी कोण, हे विचारायची गरज नव्हती. काकांनाही बोलावलं होतं, पण त्यांनी नियम दाखवला, म्हणून त्यांना जिन्याच्या तोंडाशी राखणीला बसवलं. बसणं त्यांचं नेहमीचंच होतं.

आकडेमोड केली. ऑडिटरकाकांची वेळ मिळवल्यावर दोन गटांच्या सरासरीत फरक नाही. म्हणजे व्यायाम करणारे आणि न करणारे सारखेच, म्हणजे व्यायामाचा उपयोग सिद्ध होत नाही, आणि हे सिद्ध न होण्याचं कारण म्हणजे सगळ्यांनीच व्यायाम केला. बाईंनी डोकं हातात धरलं.

सरांनी केबिनचं दार लोटून घेतलं आणि मार्ग सांगितला. ब गटाची मोजणी पुन्हा घ्यायची. आत्ता झालेल्या मोजणीच्या वेळी काहीतरी गडबड झाली असं धरायचं. आणि मोजण्याआधी त्यांना जरा कल्पना द्यायची, की उगीच ताण घेऊ नका, वाटलं की लगेच पाय टेका. सर म्हणाले, यात खोटं काही नाही, नुसतं सैल सोडायचं. नाहीतर नवा गट, नवी परवानगी, नवे तीन महिने. आणि मुदत तर या महिन्याअखेर.

बाई घरी आल्या त्या मनाशी वाक्य जुळवत. त्यांना मोह झाला नाही असं लिहिणं खोटं होईल. मोह झाला. त्यांनी स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर स्टूल ओढलं, प्रबंध अडकल्याचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, मुख्याध्यापकांचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "आई, परवा परत मोजायचंय. तेवढं जरा लवकर टेकाल का पाय?"

सासूबाईंनी ओट्यावरचा हात थांबवला.

"कशाला?"

"माझं काम होईल."

"तुझं काम व्हावं असं मला वाटत नाही असं समजू नकोस. तुझ्या परीक्षेच्या वेळी दोन्ही वेळचा स्वयंपाक कुणी केला?"

"तुम्हीच केलात, आई."

"मग ऐक. या घरात माझा ताप मोजला, साखर मोजली, रक्तदाब मोजला. सगळं वाढलेलं निघालं की डॉक्टर मान हलवायचा. काहीतरी वाढलं आणि ते चांगलं झालं, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच मोजलं गेलंय. ते मी कमी करून देणार नाही. तुला चोरी वाटत असेल तर माझ्या नावावर चोरी लिही. पण पाय मी टेकणार नाही."

मुख्याध्यापकांसमोर आपण हसलो होतो, तेव्हा असं काहीतरी बोलायला हवं होतं, असं बाईंना वाटलं. दाराशी नवरा उभा होता. तो म्हणाला, आईचं बरोबर आहे. जन्मात त्याने पहिल्यांदा एक बाजू घेतली होती, आणि तीही बायकोच्या विरुद्ध. पण बाईंना राग आला नाही. त्या उठल्या आणि गच्चीची चौकशी नीट, प्रश्न विचारून, उत्तरं लिहून घेत सुरू केली. कोण आलं, काय केलं, का केलं. सगळ्यांनी कारण एकच दिलं, शब्द वेगळे. आम्हाला खाली बसवलं म्हणून.

बाईंनी त्यावर तीन पानं लिहिली. गृहीतक सिद्ध झालं नाही, हे पहिल्याच ओळीत. मग का झालं नाही ते. मग हे, की म्हातारी माणसं व्यायाम करत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांना एकदा करू नका म्हणून सांगून पाहावं. सरांनी ती पानं वाचली, पाणी प्यायले आणि सही करणार नाही म्हणाले. प्रबंधावर आपलंही नाव असतं. बाई म्हणाल्या, हरकत नाही, सहीशिवाय देते. सरांनी नियम काढून पाहिले. सही न करण्यासाठी अधिष्ठात्यांकडे तीन प्रतींत कारणं द्यावी लागत होती, आणि त्या कारणांवर पुन्हा सही लागत होती. सरांनी प्रबंधावर सही केली.

तोंडी परीक्षा खुली असते. इच्छुकांनी उपस्थित राहावे असं फलकावर लिहिलेलं असतं, आणि कुणीच इच्छुक नसतं. या वेळी अख्खी इमारत इच्छुक होती. अ गट सकाळच्या सवयीने लवकर आला आणि त्याने सगळ्या खुर्च्या धरल्या. ब गट आला तेव्हा शिपायाने खोली भरल्याचं सांगून दार लावून घेतलं. ब गट व्हरांड्यात उभा राहिला. उभं राहायची त्यांना आता चिंता नव्हती, पण सासूबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

बाहेरच्या परीक्षक दुसऱ्या विद्यापीठाच्या, पांढऱ्या केसांच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी प्रबंध सरळ त्या तीन पानांवर उघडला. ब गटातल्या प्रत्येकाची सुरुवातीची आणि शेवटची वेळ त्यांनी खणखणीत आवाजात वाचून काढली आणि विचारलं, हा गट नासला, हे मान्य आहे का? बाई म्हणाल्या, तुलनेसाठी नासला, मान्य आहे. मग परीक्षकांनी चष्मा खाली ठेवला.

"हे बघा, तुमची मोजणी स्वच्छ आहे, व्यायाम नीट बसवलाय. ब गट काढून टाका, ही तीन पानं काढा. एकाच गटाचा आधी-नंतरचा अभ्यास म्हणून आठवड्यात परत द्या, मी प्रथम श्रेणी देते. असंच ठेवलंत तर पास होण्यापुरते गुण मिळतील. त्यापलीकडे माझा हात जाणार नाही."

सरांनी टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावला.

"आणि ब गटाचं काय झालं म्हणून लिहू?" बाईंनी विचारलं.

"काहीच लिहू नका. ते नव्हतेच."

"ते आहेत, मॅडम. बाहेर उभे आहेत. तुमच्या शिपायाने आत घेतलं नाही."

परीक्षकांनी दाराकडे पाहिलं. अ गटात कुणीतरी खोकलं.

"विचार करून सांगा."

"केलाय. आहे तसाच राहू दे."

परीक्षकांनी गुण लिहिले, पास होण्यापुरते, शब्दाला जागून. आणि सही करून प्रबंध मिटला. खोलीतून निघताना सर हळहळत म्हणाले, "तीन पानांसाठी श्रेणी घालवलीत, मॅडम."

"माझी असती तर काढली असती, सर," बाई म्हणाल्या. "ती त्यांची आहेत."

दार उघडलं. व्हरांड्यात ब गट ताटकळत होता, सगळ्यांच्या पुढे सासूबाई. त्यांनी पास की नापास ते विचारलं नाही, श्रेणी विचारली नाही.

"माझी वेळ वाचली का त्यांनी?"

"वाचली."

"मोठ्याने?"

"व्हरांड्यात नाही आली ऐकू?"

"दार जाड आहे. काकू आत होत्या ना तेव्हा?"

"पहिल्या रांगेत."

सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मग तुझं काम झालं," त्या म्हणाल्या, आणि काकू बाहेर यायची वाट पाहत तिथेच उभ्या राहिल्या.